'टेबल' आणि 'बोर्ड': पाण्याच्या एका पुस्तिकेच्या अनुवादाचे प्रकरण

पार्श्वभूमी

काही वर्षांपूर्वी पुण्यातील सदाशिव पेठेत बसून काम करणाऱ्या आमच्या लहानशा अनुवाद गटाकडे शंभराहून थोडी अधिक पाने असलेली एक इंग्रजी पुस्तिका आली. विहिरीतील पाणी ठरलेल्या दिवशी कसे मोजावे, त्याची नोंद कशी ठेवावी आणि त्या नोंदींच्या आधारे ग्रामसभेत पिकांचा व पाण्याचा विचार कसा करावा, एवढाच तिचा विषय होता. मूळ लेखक परदेशी होते आणि भूजलाच्या क्षेत्रात त्यांनी अनेक वर्षे काम केलेले होते. पुरंदर तालुक्यातील काही गावांत काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेला ही पुस्तिका तेथील जलसुरक्षकांच्या हाती मराठीतून द्यायची होती, आणि तिच्याबरोबर भिंतीवर लावण्याचे एक मोठे पोस्टरही हवे होते. संस्थेचे, गावांचे आणि व्यक्तींचे तपशील येथे मुद्दाम गाळले आहेत.

गटात आम्ही चौघे होतो: शाळेतून निवृत्त झालेले एक ज्येष्ठ शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे 'सर' म्हणतो, दोन तरुण सहकारी आणि शेवटची तपासणी करणारी मी. त्याआधीची दोन वर्षे आम्ही मुख्यतः करारनामे आणि नियमावल्या यांचे अनुवाद केले होते. करारात एकदा 'भाडेकरू' म्हटले की शेवटपर्यंत 'भाडेकरू'च म्हणावे लागते, कारण मध्येच दुसरा शब्द आला तर वाचणाऱ्याला दुसरी व्यक्ती अभिप्रेत असल्यासारखे वाटते. त्या कामातून आम्हाला एक नियम अंगवळणी पडला होता: इंग्रजी शब्द एक, तर मराठी शब्दही एक. संगणकावरील आमचा शब्दसंचही त्याच बेताने बांधलेला होता. एकदा जोडी भरली की पुढे प्रत्येक ठिकाणी तोच शब्द सुचवला जाई आणि वेगळा शब्द टाकल्यास तांबडी खूण दिसे.

पुस्तिकेसाठी शब्दसंच तयार करताना आम्ही भूशास्त्रातील अवघड शब्दांवर दोन दिवस चर्चा केली. 'जलधर' (पाणी साठवून ठेवणारा जमिनीखालचा थर), 'पारगम्यता' (खडकातून पाणी झिरपू देण्याची क्षमता), 'पुनर्भरण' (जमिनीत पाणी पुन्हा मुरणे) यांपैकी एकेका शब्दावर वाद झाले, जाणकारांना दूरध्वनी केले गेले. 'टेबल' आणि 'बोर्ड' हे शब्द मात्र पहिलीतल्या मुलालाही ठाऊक असलेले, म्हणून त्यांना 'तक्ता' आणि 'मंडळ' हे पर्याय एका दमात देऊन आम्ही पुढे गेलो. या सगळ्या प्रकरणाचे मूळ त्या एका दमात आहे.

अडचण कोठे दिसली

कच्चा मजकूर तयार झाल्यावर संस्थेने एका गावात, देवळाच्या सभामंडपात, वाचनाची बैठक ठरवली. झेरॉक्स केलेल्या प्रती घेऊन आम्ही दोघे गेलो होतो. पंधरा-सोळा माणसे होती, त्यांत निम्म्या स्त्रिया. पहिली काही पाने बरी गेली. तिसऱ्या प्रकरणात 'उन्हाळ्यात पाण्याचा तक्ता खाली जातो' हे वाक्य आले आणि बचत गटाच्या एका ताईंनी शांतपणे विचारले, "ताई, तक्ता खाली जातो म्हणजे भिंतीवरनं काढून ठेवायचा का? का त्याच्या खालच्या रकान्यात लिहायचं?" त्यांचा प्रश्न अगदी योग्य होता. तक्ता म्हणजे शाळेच्या भिंतीवर टांगलेला कागद, आणि तो खाली जाण्याचे दोनच अर्थ मराठीत संभवतात. मूळ इंग्रजीत तेथे 'वॉटर टेबल' होते, म्हणजे जमिनीच्या पोटातील खडक व माती ज्या उंचीपासून खाली पाण्याने पूर्ण भरलेली असते ती पातळी.

ही चूक निदान अडखळायला लावणारी होती, त्यामुळे ती पकडली गेली. दुसरी चूक अडखळायला लावणारी नव्हती. 'दर सोमवारी मोजलेले पाणी मंडळावर लिहावे' या वाक्यापाशी एक तरुण म्हणाला, "आमच्या तरुण मंडळाच्या वहीत लिहितो ना. वही आहेच." बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि वाचन पुढे सरकले. मलाही ते वाक्य त्या क्षणी खटकले नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा रंग दिलेल्या फळ्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असे लिहावे, असे लेखकाचे म्हणणे होते. ते पुस्तिकेतील सर्वांत महत्त्वाच्या सूचनांपैकी एक होते, कारण आकडा सर्वांना दिसला तरच शेजाऱ्याच्या उपशाबद्दल बोलणे शक्य होते. आमच्या शब्दामुळे तो आकडा एका मंडळाच्या बंद वहीत जाणार होता आणि तरीही वाक्य वाचायला निर्दोष होते. सासवडहून परत येताना, दिवे घाटाच्या उतारावर, सहकाऱ्याने मूळ मजकूर उघडला आणि तेव्हा ही गोष्ट आमच्या ध्यानात आली.

पुण्यात पोहोचल्यावर आम्ही सगळा मजकूर पुन्हा वाचायला घेतला. एका परिच्छेदात आमच्याच शब्दसंचाने असे वाक्य घडवले होते: 'मंडळाने तक्त्यातील पाण्याच्या तक्त्याची खोली मंडळावर लिहावी.' शेवटच्या प्रकरणात, प्रशिक्षण शिबिराच्या माहितीत, प्रशिक्षणार्थींना 'मंडळ व निवास' मोफत मिळेल असे लिहिले होते. ते वाचून सर म्हणाले, "ही चूक कोणीही पकडील. मला काळजी आहे ती बरी दिसणाऱ्या वाक्यांची."

त्यांची काळजी खरी ठरली. पोस्टर आधीच छापून गावांत गेले होते आणि त्यावरील रकान्याचे शीर्षक होते 'पाण्याचा तक्ता, मीटरमध्ये'. प्रत्येक गावाने त्याचा आपापल्या परीने अर्थ लावला. समजा विहीर १२ मीटर खोल आहे आणि जमिनीपासून ९ मीटर खाली पाणी लागते. एका गावात ९ लिहिले जात होते, कारण त्यांनी पाण्यापर्यंतची खोली मोजली. दुसऱ्या गावात ३ लिहिले जात होते, कारण त्यांनी विहिरीत उभे असलेले पाणी मोजले. दोघांचे मोजमाप चोख होते. मात्र दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की त्यांतून काहीच कळत नव्हते.

दोन शब्द आणि त्यांचा पसारा

पुढचा आठवडा आम्ही या दोन शब्दांना दिला. ते करताना जे हाती आले ते थोडे विस्ताराने सांगणे मला आवश्यक वाटते, कारण पुढचे सर्व निर्णय त्यावर उभे आहेत.

'टेबल' हा शब्द लॅटिनमधील 'टॅब्युला'पासून आला. त्याचा मूळ अर्थ सपाट फळी, आणि पुढे लिहिण्याची पाटी. फळीवर पाय बसवले की मेज होते. फळीवर आकडे ओळींनी मांडले की कोष्टक होते. पाढ्यांना इंग्रजीत टेबल म्हणतात ते या दुसऱ्या वाटेने, आणि आपल्याकडे ज्याला वेळापत्रक, अनुक्रमणिका किंवा आवर्तसारणी म्हणतात त्या सगळ्यांना इंग्रजीत हा एकच शब्द पुरतो. मेंडेलेव्हने १८६९ मध्ये मांडलेली मूलद्रव्यांची सारणी आणि जेवणघरातील मेज यांना एकच नाव असावे, हे मराठी मनाला सहज सुचणारे नाही. आपण पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांना पाढे म्हणतो. त्यांत फळी कोठेच नाही, त्यांत पठण आहे. तिसरी वाट सपाटपणाची. पाचगणीच्या पठाराला 'टेबल लँड' म्हणतात ते वरून सपाट दिसते म्हणून, आणि 'वॉटर टेबल' हा शब्दप्रयोगही त्याच प्रतिमेचा.

'बोर्ड' हा इंग्रजीचा जुना घरचा शब्द, आणि त्याचाही मूळ अर्थ फळीच. त्यातून लिहिण्याचा फळा, सूचनेची पाटी, खेळाचा पट हे अर्थ निघाले. मात्र फळीवर जेवण मांडले जाई, म्हणून पूर्वीच्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे जेवणाचे मेज आणि मग त्यावरचे जेवणही. 'बोर्ड अँड लॉजिंग' म्हणजे जेवण व निवास, तो याच अर्थाने. मेजाभोवती बसून विचारविनिमय करणाऱ्या लोकांनाच पुढे 'बोर्ड' म्हणू लागले आणि संचालक मंडळ, परीक्षा मंडळ हे अर्थ आले. शिवाय गलबताच्या बाजूलाही 'बोर्ड' म्हणत. जहाजावर आणि नंतर विमानात चढण्याचा अर्थ त्यातून आला. लोहगावच्या विमानतळावर हाती पडणारा बोर्डिंग पास आणि राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून विद्यार्थ्यांसाठी सुरू केलेली बोर्डिंगे, यांतील 'बोर्डिंग' दोन वेगळ्या वाटांनी आले आहे. पहिले जहाजाच्या बाजूवरून, दुसरे जेवणाच्या फळीवरून.

म्हणजे इंग्रजीत या दोन शब्दांची अदलाबदल झालेली दिसते. ज्याचा मूळ अर्थ फळी होता त्या 'टेबल'ने मेजाची जागा घेतली, आणि ज्याला एके काळी मेज म्हणत तो 'बोर्ड' पुन्हा फळी, पाटी आणि मंडळ यांच्याकडे गेला. काही अर्थ मात्र अजून सामाईक आहेत. चर्चेला बसलेली माणसे दोघांतही सापडतात. लंडनमध्ये १९३० ते १९३२ या काळात भरलेल्या गोलमेज परिषदांच्या नावातील मेज म्हणजे लाकडी वस्तू नव्हे, बरोबरीने बसणे होय.

आमच्यातील तरुण सहकाऱ्याला फळीवरून जेवणापर्यंतचा प्रवास पटेना. तेव्हा सर म्हणाले, "अरे, पाहुणे आल्यावर आजी काय म्हणायची? पाटपाणी घ्या. पाट म्हणजे तरी काय? फळीच ना?" पानाशेजारी पाणी ठेवणे आणि बसायला पाट मांडणे या दोन कृतींनी आपल्याकडे जेवणाची सगळी तयारी सुचवली जाते. त्या एका उदाहरणाने जे समजले ते कोशातील चार नोंदींनी समजले नसते. पुढे असेही दिसले की आम्ही निवडलेला 'तक्ता' हा फारसी शब्दही मुळात फळीच आहे. जुन्या वाड्यांतील लाकडी छताला तक्तपोशी म्हणतात, ती फळ्यांची. संस्कृतातील 'फलक' हादेखील फळीचाच. तीन भाषांत फळीवरून लिखाणापर्यंतची वाट एकसारखी आहे, पण त्या वाटेवर प्रत्येक भाषा वेगळ्या ठिकाणी थांबली आहे. 'तक्ता' कधी जमिनीखालच्या पाण्यापर्यंत गेला नाही आणि 'मंडळ' कधी भिंतीवर चढले नाही.

मराठी बाजूनेही पाहणे भाग होते. 'मंडळ' हा शब्द 'बोर्ड'पेक्षा कमी पसरलेला नाही. दहावीची परीक्षा घेणारे राज्य मंडळ इंग्रजीत 'बोर्ड' आहे. मात्र सेनापती बापट रस्त्यावरील बालभारतीच्या पूर्ण नावात ज्याला मराठीत मंडळ म्हटले आहे, त्याला इंग्रजीत 'ब्यूरो' म्हणतात. मंत्रिमंडळ आणि विधिमंडळ यांना आणखी निराळे इंग्रजी शब्द आहेत, आणि गणेशोत्सवाच्या मंडळाला इंग्रजीत नेमका शब्दच नाही. गावात, आणि पुण्याच्या पेठांतही, नुसते 'मंडळ' म्हटले की पहिले तेच डोळ्यापुढे येते. त्या तरुणाने चूक केली नव्हती. त्याने आमचा मराठी शब्द बरोबर वाचला होता.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय असा होता की नियम तसाच ठेवावा आणि सापडलेल्या चुका तेवढ्या दुरुस्त कराव्यात. संस्थेला घाई होती आणि त्यांचा कल याकडे होता. आम्ही तो नाकारला, कारण ज्या चुका वाचताना सुबोध वाटतात त्या शोधण्याचा कोणताही मार्ग या पर्यायात नव्हता.

दुसरा पर्याय अधिक मोहात पाडणारा होता: 'टेबल' आणि 'बोर्ड' हे शब्द देवनागरीत तसेच ठेवावेत. ते आता मराठीच झाले आहेत, असे तरुण सहकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि त्यात तथ्य आहे. बसचा बोर्ड, दुकानाचा बोर्ड, बोर्डाची परीक्षा, कॅरमचा बोर्ड हे कोणालाही समजतात, आणि जुन्या माणसांच्या तोंडी अजून 'लोकल बोर्डाची शाळा' असते, जरी १९६२ पासून त्या बोर्डांची जागा जिल्हा परिषदांनी घेतली असली तरी. पण परका शब्द घरात येताना आपले सगळे गाठोडे घेऊन येत नाही. मराठीत 'टेबल' म्हणजे चार पायांची वस्तू, किंवा 'फाईल कोणाच्या टेबलावर आहे' असे विचारताना कचेरीतील तो कारकून. मराठीत टेबलावर आकडे नसतात आणि जमिनीखाली टेबल नसते. 'बोर्ड' म्हणजे जेवण, हा अर्थ 'बोर्डिंग'मध्ये पोहोचला, एकट्या 'बोर्ड'मध्ये पोहोचला नाही. म्हणून हा पर्याय अर्ध्या ठिकाणी चालला असता आणि उरलेल्या अर्ध्या ठिकाणी पहिल्याइतकाच फसला असता.

तिसरा पर्याय शब्दसंच शब्दाप्रमाणे न बांधता अर्थाप्रमाणे बांधण्याचा. प्रत्येक वाक्य वाचून अर्थ ठरवायचा, मग त्या अर्थाला मराठी शब्द द्यायचा. याला वेळ जास्त लागणार होता आणि सुचवणीची यंत्रणा बंद करावी लागणार होती. आम्ही संस्थेकडे तीन आठवडे मागितले. त्यांनी दोन दिले.

निर्णय आणि कार्यवाही

हे दोन शब्द असलेले प्रत्येक वाक्य आम्ही वेगळ्या चिठ्ठीवर छापले आणि चिठ्ठ्या सतरंजीवर पसरल्या. अर्थ ओळखण्यासाठी शब्दाकडे पाहण्यापेक्षा त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहावे, अशी पद्धत सरांनी घालून दिली. ही गोष्ट वर येते का आणि खाली जाते का? तिच्यात ओळी व रकाने आहेत का? तिच्याभोवती बसता येते का? ती निर्णय घेते का, सदस्य नेमते का? ती पुसता येते का? इंग्रजीतील शब्दयोगी अव्ययेही उपयोगी पडली. 'टेबल'च्या आधी 'इन' असेल तर बहुधा कोष्टक, 'अ‍ॅट' असेल तर मेज किंवा चर्चा, 'बिलो' असेल तर बहुतेक वेळा जमिनीखालचे पाणी. 'ऑन द बोर्ड' मात्र फसवे निघाले, कारण मंडळावर सदस्य असणे आणि फळ्यावर नाव लिहिलेले असणे या दोन्हींना इंग्रजीत तेच शब्द लागतात. अशा चिठ्ठ्यांसाठी आधीची दोन आणि नंतरची दोन वाक्ये वाचण्याचा नियम केला.

आकड्यांच्या मांडणीसाठी 'तक्ता' कायम ठेवला. 'सारणी' हा शब्द पाठ्यपुस्तकांत रुळलेला आहे, पण संस्कृतात सारणी म्हणजे पाण्याचा पाट, आणि पाण्याच्या पुस्तिकेत तो टाळलेलाच बरा असे वाटले. लिहिण्याच्या 'बोर्ड'साठी बराच खल झाला. पुण्यात वाढलेल्या आमच्यासाठी भिंतीवरची सूचना म्हणजे पाटी, पण पाटी एकदा रंगवली की वर्षानुवर्षे तशीच राहते. 'फलक' औपचारिक आहे आणि तोही कायमचाच वाटतो. येथे दर आठवड्याला पुसून पुन्हा लिहायचे होते, म्हणून 'फळा' निवडला. निर्णय घेणाऱ्या 'बोर्ड'साठी नुसते 'मंडळ' कोठेही न लिहिता 'पाणी समिती' किंवा 'केंद्रीय भूजल मंडळ' असे पूर्ण नाव द्यायचे ठरले. शिबिराच्या पानावर 'जेवण व राहण्याची सोय' आले.

'वॉटर टेबल' सर्वांत अवघड गेले. आम्ही 'भूजलपातळी' लिहिले, तेव्हा एका भूजलतज्ज्ञ स्नेह्यांनी दोन गोष्टी लक्षात आणून दिल्या. पहिली अशी की इंग्रजी शब्दातील सपाट मेजाची प्रतिमा मुळातच दिशाभूल करणारी आहे. हे पृष्ठ सपाट नसते, ते सौम्य प्रमाणात वरच्या जमिनीच्या चढउताराप्रमाणे चढते-उतरते. दख्खनच्या बेसाल्ट खडकात तर पाणी मुरमाड थरात, सांध्यांत आणि भेगांत साठते, त्यामुळे एकाच शिवारातील दोन विहिरींत वेगळ्या खोलीवर पाणी लागू शकते. त्यामुळे मराठीत मेजाची प्रतिमा आली नाही याचे वाईट वाटून घेण्याचे कारण नव्हते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. 'पातळी ६ वरून ९ वर गेली' असे लिहिले तर वाचणाऱ्याला पाणी वाढले असे वाटते, पण खोली ६ मीटरवरून ९ मीटर झाली असेल तर पाणी ३ मीटर उतरलेले असते. खोलवरच्या बंदिस्त, म्हणजे वर पाणी झिरपू न देणारा थर असलेल्या, जलधरातून पाणी घेणाऱ्या बोअरवेलमध्ये दिसणारी पातळी ही 'वॉटर टेबल' नसतेच, हेही त्यांनी सांगितले, आणि पुस्तिकेने साध्या विहिरींपुरतेच बोलावे असा सल्ला दिला.

यावरून पुस्तिकेत 'भूजलपातळी' हा शब्द केवळ समजावून सांगण्यासाठी ठेवला आणि तिच्याबरोबर आकडा कधीही लिहायचा नाही असे ठरवले. आकडा येईल तेथे 'जमिनीपासून पाण्यापर्यंतची खोली' असेच लिहायचे, विहिरीच्या कठड्यावरून टेप सोडला असेल तर कठड्याची उंची वजा करायची, आणि क्रियापद नेहमी पाण्याला लावायचे: पाणी खाली गेले, पाणी वर आले. विहिरीची खोली 'परस' या जुन्या मापात (एक परस म्हणजे साधारण पुरुषभर) मोजणाऱ्या पिढीला हे लगेच उमजले, कारण ते नेहमी तसेच बोलत आले आहेत.

एक चिठ्ठी शेवटपर्यंत उरली. ग्रामसभेच्या प्रकरणात 'टेबल' क्रियापदासारखे आले होते: एका गावाने पाण्याचा आराखडा 'टेबल' केला. विधिमंडळात कागद पटलावर ठेवतात, त्या धर्तीवर आम्ही 'आराखडा सभेपुढे मांडला' असे लिहिले होते. ब्रिटिश इंग्रजीत तोच अर्थ आहे. अमेरिकन इंग्रजीत मात्र याच शब्दाचा अर्थ विषय बाजूला ठेवणे असा होतो. लेखकाला पत्र पाठवले. त्यांचे उत्तर आले की त्या गावाने आराखडा लांबणीवर टाकला होता आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याची किंमत मोजली होती. त्या परिच्छेदाचा सगळा बोध त्या एका शब्दावर होता, आणि आमचे वाक्य त्याच्या बरोबर उलटे होते. ते वाचून कोणीही अडखळले नसते.

परिणाम

दुरुस्त पुस्तिका ठरलेल्या मुदतीपेक्षा चार दिवस उशिरा गेली. पोस्टर परत मागवावे की त्यावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवावी, हा निर्णय संस्थेने घेतला आणि खर्चाचा विचार करून चिठ्ठी चिकटवली. आमच्या मते तो निर्णय समजण्यासारखा होता, तरी त्याचे फळ मिश्र मिळाले. ज्या गावांत संस्थेचा कार्यकर्ता स्वतः गेला तेथे नोंदी सुधारल्या. एका गावात चिठ्ठी उन्हाने सुटून पडली आणि जुने शीर्षक पुन्हा उघडे झाले. त्या पहिल्या उन्हाळ्याच्या नोंदींपैकी ज्या गावांत कोणी काय मोजले हे खात्रीने सांगता आले नाही, त्या वापरता आल्या नाहीत. उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यानंतरचे पाणी यांची तुलना हाच त्या कामाचा आधार असल्यामुळे ती तुलना एक वर्ष पुढे गेली. याची जबाबदारी आमच्या शब्दसंचाकडे येते, हे आम्ही संस्थेला लेखी कळवले.

दुसरे वाचन त्याच सभामंडपात झाले. फळ्याच्या वाक्यापाशी तोच तरुण म्हणाला, "मग हा चावडीसमोरच करायला पाहिजे. मंडळाच्या खोलीत कोण बघणार?" त्यानंतर फळा कोठे असावा यावर बराच वेळ वाद झाला. ज्या वाक्यावर पहिल्या वेळी सर्वांनी नुसत्या माना डोलावल्या होत्या, त्यावर या वेळी लोक भांडत होते. मजकूर पोहोचल्याची मला मिळालेली ती सर्वांत भरवशाची खूण.

आज वेगळे काय केले असते

अनेक अर्थ असलेले साधे शब्द आम्ही आता अवघड शब्दांच्या आधी तपासतो. 'जलधर' हा शब्द अवघड दिसतो आणि तो माहीत नसलेला माणूस विचारतो. 'टेबल' माहीत असलेला माणूस विचारत नाही, आणि आम्हीही विचारले नव्हते.

एक शब्द, एक पर्याय हा नियम आम्ही टाकून दिलेला नाही. करारांसाठी तो आजही वापरतो. येथे तो चुकीच्या कागदावर लावला गेला, आणि नव्या कामाच्या पहिल्या दिवशी 'हा मजकूर कोण, कशासाठी वाचणार' असे कोणीतरी विचारले असते तर ते तेव्हाच कळले असते. तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी तपासणी करणारी म्हणून माझी होती.

वाचनाची बैठक पोस्टर छापण्याआधी व्हायला हवी होती, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. बैठकीत काय विचारावे याबद्दल मात्र आमच्यात अजून मतभेद आहेत. समजले का, असे विचारले की लोक हो म्हणतात. मंडळाच्या वाक्यालाही ते हो म्हणाले होते. मी आता वाक्य वाचून झाल्यावर "मग उद्या सकाळी तुम्ही नेमके काय कराल?" असे विचारते. सरांना तेही अपुरे वाटते. त्यांच्या मते टेप घेऊन विहिरीवर जावे, मोजायला सांगावे आणि वहीत कोणता आकडा पडतो ते पाहावे. पुढच्या पुस्तिकेसाठी आम्ही तसे करणार आहोत, आणि ती वापरणार असलेल्या गावातील गटाने आपल्या रकान्याचे शीर्षक स्वतःच सुचवून पाठवले आहे: 'काठापासून पाणी किती खाली'.